अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीनवर बाबा

नांदेड

मे महिन्यात नांदेडहून लातूरकडं हौसेनं निघालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. त्या वर्षी तर लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. "लातूरचे पाहुणे येतात ते आधी न्हाणीघर कुठंय विचारतात," अशी चेष्टा आमच्या दवाखान्यात चालायची. तरी मी रजेचा अर्ज टाकला. मेट्रनबाईंनी विचारलं, "सिस्टर, एवढ्या उन्हात कुठं?" मी म्हटलं, "एक गाणं पोचवायचंय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

झालं होतं असं. वाळवी लागली म्हणून बाबांची ट्रंक उघडली, तर तळाशी एक कॅसेट निघाली. तिच्यावर नाव नव्हतं. पेन्सिलीनं नुसता एक गोल काढलेला आणि त्याच्या काठावर दोन रेघा. बाबांना लिहिता येत नव्हतं. मी तो गोल बघितला आणि कळलं, ही विहीर आहे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. शिरूर अनंतपाळच्या पलीकडं आमचं गाव. आमच्या बौद्धवाड्यानं त्या साली स्वतःच्या हातानं विहीर खोदली आणि झरा लागला. बाबांची गायन पार्टी होती. गाणारे माझे बाबा, किसन, आणि ढोलकीवर त्यांचे जिवलग सुखदेवकाका. विहिरीचं गाणं जोडलं काकांनी. त्यांनाही लिहिता येत नव्हतं, म्हणून ते सांगायचे आणि मी वहीत उतरवायची. मी बारावीत होते. गाणं ज्यानं जोडलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात घालायचं, ही पार्टीची रीत. ती त्याची सहीच समजायची. तेव्हा काकांनी सांगितल्याप्रमाणं मी लिहिलं, "सुखदेव म्हणे, काठ सगळ्यांचा, पाणी सगळ्यांचं."

नव्या जिल्ह्याचे साहेब विहीर बघायला येणार म्हटल्यावर बाबांच्या अंगात आलं. मला म्हणाले, "पमे, साह्यबापुढं मी गाणार हाय. नाव माझं घाल." मी वही उघडली, 'सुखदेव' खोडलं आणि वर 'किसन' लिहिलं. बापाचं ऐकायचं एवढंच तेव्हा ठाऊक. कार्यक्रमात बाबांनी "किसन म्हणे" असं ताणून म्हटलं, तसे काकांचे हात थांबले. त्यांनी ढोलकी खाली ठेवली, चपला घातल्या आणि उठून गेले. पुन्हा बाबांसाठी ते कधी वाजवायला बसले नाहीत. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला आले, तेही न बोलता.

आणि आता ही कॅसेट. बाबा एकटेच गातायत, पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटत. मधेच खोकतात. तीस वर्षं नर्सगिरी केली आहे मी, खोकल्यावरून सांगते, शेवटच्या वर्षातलं असणार. आणि शेवटच्या कडव्यात बाबा म्हणतात, "सुखदेव म्हणे..." नीट, स्वच्छ, कुठं न अडखळता. मी गॅस बंद केला आणि ती ओळ पुन्हा लावली. म्हणजे चूक त्यांनी दुरुस्त केली होती, फक्त पोचवायची राहिली होती.

काकांच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "मामांजीला ऐकूच येत न्हाई, ताई. कान वाहतो, डाक्टरनं कानात काय बी घालू नका म्हणून सांगितलंय. फोन धरला की म्हणतात, मधमाश्या घोंगावल्यावानी वाटतंय. ट्रॅक्टर नायतर टँकर आला तर तेवढं कळतं." म्हणजे जाड, मोठा आवाज असेल तरच. आणि बुद्धपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, गावात पाणीच नव्हतं म्हणून. ऐंशी ओलांडलेला माणूस पुण्याला गेला की परत येतो का? आपल्याला काय ते पौर्णिमेपर्यंत करायचं, असं मी ठरवून टाकलं.

आमची मोटार जुनी, पण आधीच्या मालकानं मागं दोन भले मोठे स्पीकर बसवलेले. काच खाली केली तर शेजारच्या आळीत ऐकू जातं. अडचण एकच. तिचा टेप फक्त कॅसेट आणि रेडिओ जाणणारा. मोबाइलची वायर खुपसायला त्याला भोकच नाही. आणि मूळ कॅसेटची पट्टी दोनदा तुटलेली. मोबाइलमध्ये उतरवून देणाऱ्यानं हात जोडून सांगितलं होतं, "मॅडम, ही आता परत कुठंच लावू नका."

वजिराबादच्या बाजारात तीन दुकानं पालथी घातल्यावर एक अजब वस्तू मिळाली. दिसायला कॅसेट, पण पट्टीच्या जागी एक वायर बाहेर आलेली. वायर मोबाइलला लावायची, कॅसेट टेपात ढकलायची. आमचे हे रेल्वेच्या ऑफिसात आहेत. सूचनेचा कागद असल्याशिवाय ते कशालाही हात लावत नाहीत, आणि कागद चिनी भाषेत होता. तरी अंगणात गाडी उभी करून लावून बघितलं. स्पीकरमधून बाबा खोकले, आणि पारिजातकाखाली झोपलेलं मांजर उडून पळालं. मी टाळीच वाजवली.

अहमदपूर

गाडी मी चालवते. ह्यांच्याकडं गाणं आणि पाण्याचे दोन कॅन सांभाळायचं काम. त्या वर्षी लातूरला जाताना मिठाई नेली तर लोक बरं म्हणायचे, पण पाणी नेलं तर दारापर्यंत सोडायला यायचे.

लोह्यापर्यंत सगळं नीट. पुढं रस्ता सुरू झाला तो नावालाच रस्ता. प्रत्येक खड्ड्याला टेप आपली बाजू उलटायचा, टक! मग ही बाजू, मग ती बाजू, टक टक टक, आणि शेवटी कॅसेट जीभ काढल्यासारखी बाहेर. हे ती परत आत ढकलायचे. टेप परत बाहेर. "अगं, त्याला हे आवडत नाही," हे गंभीरपणे म्हणाले. मी म्हटलं, "त्याच्या आवडीनं आणलेलं नाही."

दोन्ही बाजूंची रानं भाजून काढल्यासारखी. सवयीनं मी ज्वारीचा कडबा शोधत होते, तर एका गावाच्या शिवारात गुरंच नव्हती. अहमदपूरला थांबलो. उन्हानं डोकं भणभणत होतं, पण हॉटेलात सुशीला गरम मिळाली. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी, वर शेव आणि कांदा. पुण्याची आमची जावई मंडळी तिला चुरमुऱ्याचे पोहे म्हणतात आणि मला राग येतो. हॉटेलवाल्यानं पाण्याचा पेला अर्धाच भरला आणि म्हणाला, "आक्का, लागलं तर पुन्हा मागा, पण टाकू नका." नांदेडला पेला पुढ्यात आदळतात, तोही काठोकाठ.

खाऊन निघालो. हे मोबाइल हातात धरून उतरले तेव्हा वायर बाहेर लटकली होती, ती तशीच राहिली. बसताना ह्यांनी दार ओढलं, धाडकन. वायर दारात सापडली आणि दोन तुकडे झाली.

ह्यांनी दोन्ही तुकडे जुळवून बघितले. मग हे म्हणाले, "चिकटपट्टी लावू." लावली. बाबांच्या जागी करकर करणारा आवाज आला. माझा जो संताप झाला तो इथं लिहिण्यासारखा नाही. चाकूरपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही. नंतर यांनीच हळूच बाटली पुढं केली, "पाणी पी, मग भांड." मी प्यायले, पण भांडायचं राहून गेलं.

लातूर

लातूरला नणंदेकडं मुक्काम. तिच्या गॅलरीत पाण्याच्या तीन पिंपांना कुलपं होती. दागिन्यांच्या कपाटाची किल्ली दाराच्या खिळ्याला आणि पिंपांची किल्ली कमरेला. आमचे कॅन बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढं एक पाणी फुकटचं. जेवण पत्रावळीवर, भांडी घासायला नकोत म्हणून. भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट पिठलं. तांब्यात हात न बुडवता ओंजळभर पाण्यात पाच माणसांनी हात कसे धुवायचे, ते मी त्या दिवशी शिकले.

दुपारीच टेपवाल्याकडं गेलो. हमीदभाई, पांढरी दाढी, खिशाला तीन टेस्टर. त्यांनी तुटकी वायर बघून मान हलवली, टेपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ताई, ये जुना माल हाय. याला भोक न्हाई. नवा टेप बसवून देतो, पन तुमच्या गाडीत बसणारा साचा हैदराबादवरून मागवावा लागंल. परवा या."

"परवा चालणार नाही. उद्या पौर्णिमा आहे."

"मग गाडीच बदला," ते हसले. मी हसले नाही. सगळी गोष्ट सांगितली, विहिरीपासून. ते स्टुलावर बसून ऐकत राहिले. हातातला टेस्टर त्यांनी खिशात ठेवला.

"रेडिओ चालतो ना याचा?"

"चालतो."

त्यांनी फळीवरून अंगठ्याएवढं एक यंत्र काढलं. ते सिगारेट पेटवायच्या खाचेत बसतं, त्याच्या वायरीला मोबाइल लावायचा. "ये तुमचं रेडिओ स्टेशन. मोबाइलमधलं गाणं ये हवेत सोडतं. यावर जो नंबर, तोच रेडिओवर लावायचा. फक्त जिथं दुसरं स्टेशन न्हाई असा रिकामा नंबर बघा." आणि त्यांनी दोन्हीकडं अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीन लावलं. स्पीकरमधून बाबा आले. इतक्यात दुकानाच्या आत, फळीवरच्या हमीदभाईंच्या रेडिओतूनही बाबाच गायला लागले! मी दचकले.

"घाबरू नका. त्यो बी टेस्टिंगसाठी त्याच नंबरवर ठेवलेला हाय. पंधरावीस पावलांत ज्याचा रेडिओ या नंबरवर, त्याला तुमचे अब्बा ऐकू येणार." गाणं संपेपर्यंत ते उभे राहिले. मग म्हणाले, "त्यो मानूस आपल्या दोस्ताला याद करून राहिला. पोचवा."

शिरूर अनंतपाळ

सकाळी उन्हाच्या आत निघालो. नळेगावच्या अलीकडं बाबांच्या गाण्यात एक बाई सोयाबीनच्या बियाण्याबद्दल बोलायला लागली. कुठल्या तरी स्टेशननं आमचा नंबर पकडला होता. हे कागद न वाचता बोटानं नंबर बदलू लागले, माझा विश्वासच बसेना. पुढं गेल्यावर बाई गेली आणि आम्ही परत अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीनवर आलो. शिरूरला चहा घेतला. हे माझ्याकडं कप सरकवत म्हणाले, "नाही ऐकलं त्यांनी, तर?"

"ऐकतील."

"अगं, पण नाहीच म्हटलं तर?"

"तर मी पुण्याला जाईन. त्यांच्या दाराशी गाडी लावीन."

गाव

विहारासमोर पांढरे कपडे घातलेली माणसं जमली होती. दुष्काळ म्हणून गावानं या वर्षी लाउडस्पीकर लावायचा नाही, जेवणावळ करायची नाही असं ठरवलं होतं. वंदना झाली, खिरीऐवजी गुळाचा खडा वाटला. समोरच आमची विहीर. मी वाकून बघितलं. तळाला भेगा. तिच्यात ओतायला पाण्याचा टँकर लावलेला ट्रॅक्टर नुकताच आला होता आणि बायका घागरी घेऊन रांगेत बसल्या होत्या.

सुखदेवकाका लिंबाखाली बाजेवर. अंगाची काडी झालेली, पण पाठ ताठ. मी पाया पडले. त्यांनी डोळे बारीक केले. "किसनची पमी."

"हाव काका!" मी त्यांच्या कानाशी ओरडले. "बाबांचं गाणं आणलंय! विहिरीचं!"

त्यांचा चेहरा कठोर झाला. "मला न्हाई ऐकायचं." आणि तोंड फिरवलं.

सून ओशाळली. मी नाही ओशाळले. गाडी लिंबापासून दहा पावलांवर आणली, चारी काचा खाली केल्या, गाणं लावलं आणि आवाजाचं बटण जेवढं जाईल तेवढं फिरवलं. बहिऱ्या माणसापर्यंत न्यायचं होतं ना! बाबांचा पहिला सूर लागला, "झरा लागला..." आणि मागचे दोन्ही स्पीकर फर्रर्र करून फाटले. टेपातून जळका वास आला, दिवा विझला. सगळं गप्प.

माझ्याच हातानं झालं. हे खिडकीतून टेपावर फुंकर घालत होते. मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "गाणं बंद पडलंय का फक्त टेप?"

ह्यांनी त्या अंगठ्याएवढ्या यंत्राकडं बघितलं. त्याचा निळा दिवा चालू होता. मोबाइलवर गाणं पुढं सरकत होतं. बाबा अजून गात होते, फक्त ऐकणारा रेडिओ मेला होता.

मी ट्रॅक्टरकडं धावले. ट्रॅक्टरच्या टपावर दोन काळे खोके बांधलेले. त्यांच्यापुढं आमचे स्पीकर म्हणजे खेळणी. ड्रायव्हर पाइप सोडत होता. नाव बालाजी.

"भाऊ, तुमच्या टेपला रेडिओ आहे का?"

"हाय की. पन लावतं कोन?"

"अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीन लावा. आणि ट्रॅक्टर जरा लिंबाजवळ घ्या."

"आक्का, मला अजून दोन खेपा हायत. ह्या बाया मला फाडून खातील."

रांगेतली एक म्हातारी घागर आपटत उठली. "कोन खातंय रं तुला? किसनचं गाणं हाय का? मीबी त्या हिरीत दगड फोडलेत. घे ट्रॅक्टर तिकडं, मुकाट्यानं!" बालाजीनं ट्रॅक्टर घेतला. इंजिन बंद करून त्यानं बटण फिरवलं, ह्यांनी गाणं पहिल्यापासून लावलं. खरखर, खरखर, आणि मग टपावरच्या खोक्यांतून बाबा निघाले. एवढे मोठे बाबा ते जिवंत असतानाही मी ऐकले नव्हते. टँकरचा पत्रा थरथरला. लिंबावरचे कावळे उठले.

काकांची पाठ आमच्याकडं होती. ती हलली. ते बाजेवरून उठले, काठी घेतली आणि घराच्या दिशेनं चालू लागले. सून अडवायला गेली, मी तिला धरलं. एक कडवं संपलं. काका सहा पावलं गेले. डब्यावरची बोटं, खोकला, दुसरं कडवं. ते कुडाच्या दाराशी पोचले. मग शेवटचं आलं.

"सुखदेव म्हणे, काठ सगळ्यांचा, पाणी सगळ्यांचं..."

काका थांबले. बाबांनी ती ओळ पार्टीच्या रिवाजाप्रमाणं दोनदा घेतली होती. दुसऱ्यांदा "सुखदेव म्हणे" आलं तेव्हा काकांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या. गाणं संपलं, नुसती खरखर उरली.

ते वळले. टँकरपर्यंत आले, पत्र्यावर तळवा ठेवला. "काय म्हनला त्यो?"

म्हातारीच ओरडली, "तुझं नाव घेतलंय त्यानं, बहिऱ्या! तुझं!"

"पुन्हा लाव," काका मला म्हणाले.

मी लावलं. या वेळी ते टँकरला कान टेकून उभे होते. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा." तिसऱ्या वेळेला मात्र ते बेचैन झाले. मान हलवायला लागले, बोटं चाळवायला लागली. शेजारी प्लास्टिकचं एक रिकामं टिपाड होतं, पाण्याची वाट बघत पडलेलं. त्यांनी ते पायानं आडवं केलं, बाज ओढून घेतली, बसले आणि टिपाडावर थाप मारली.

मला आता गप्प राहवेना. मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी ओरडले. सगळ्या गावादेखत ओरडले, हळू सांगायची सोयच नव्हती. "काका, तुमचं नाव मी खोडलं होतं! वहीत! बाबांनी सांगितलं आणि मी खोडलं!"

काकांच्या दात नसलेल्या तोंडाला हसू आलं.

"अगं येडे, ते काय मला आज कळायचंय? तुझ्या बापाला लिवता येत व्हतं का मला? साऱ्या वाड्यात लिवणारी तू येकलीच." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोठा, खरखरीत. "पोरीच्या हातावर कुटं राग धरायचा असतो. आता डोळं पूस आन् लाव."

"अजून एकदा?" मी ओरडले.

"तर काय? डब्यावर ताल धरलाय त्यानं, त्योबी चुकीचा. तवाबी कच्चाच व्हता तालात. माझ्याबिगर त्याचं कवा जमलंय?" त्यांनी बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात टिपाडावर ठेवले. "बालाजी, आवाज वाढव रं. किसन थांबलाय."